गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगून दुकानाची जाहिरात करायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

भांडीवाली_शहापूर (प्रश्न)

नमस्कार. बेळगावच्या शहापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजेसासऱ्यांनी काढलेलं. स्टील, पितळ, तांबं किलोवर. कुकर, तवे नगावर. जुन्याची मोड घेतो. गल्ल्यावर आता मी असते. मामंजी दारातल्या खुर्चीत असतात, आणि कोण आलं, कोण न घेता परत गेलं याचा हिशेब त्यांच्याकडं असतो.

मागं एकदा जाहिराती करून देणारा एक मुलगा आला. म्हणाला, "काकू, हल्ली ऑफर कोण बघत नाही, कस्टमरची स्टोरी पाहिजे." त्यानं मोबाईलवर नमुने दाखवले. एक बेकरी, एक जिम, एक चष्म्याचं दुकान. तिन्हीकडं कोणीतरी उभं राहून म्हणतंय, "खूप छान सर्व्हिस, स्टाफ पण एकदम चांगला, सगळ्यांनी एकदा नक्की व्हिजिट करा." आवाज बंद करून बघितलं असतं तर जिम कुठली आणि बेकरी कुठली ते फक्त पोटांवरून कळलं असतं.

त्याला चहा देऊन वाटेला लावलं. पण विषय डोक्यातनं जाईना. कारण खरं बघितलं तर आमच्याइतक्या गोष्टी दुसऱ्या कुठल्या दुकानात येत असतील? भांड्यावर नाव घालायचं मशीन कोपऱ्यात आहे. नाव घालताना माणूस गप्प बसतच नाही. कुणाकडून, कुणाला, कशाबद्दल, 'चि. सौ. कां.' लिहायचं का नुसतं 'सौ.', आत्याचं नाव मामाच्या वर का खाली, सगळं बाहेर येतं.

चंदगडकडचे एक आजोबा तीन सुनांना तीन पितळी पातेली घ्यायला आले. अट एकच, तिन्हींचं वजन सारखं पाहिजे. ठोक्याचं भांडं ग्रॅमला ग्रॅम कसं जुळणार? दोन जुळली, तिसरं थोडं हलकं भरलं. आजोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हलक्यावर नाव मोठ्या अक्षरात घाला. एकदा नाव वाचलं की वजन कोण करतंय?"

मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमधला एक पोरगा आईसाठी कुकर घ्यायला आला. आई तिकडं बीडला, व्हिडिओ कॉलवर. झाकण लाव, काढ, हँडल दाखव, शिट्टी दाखव. शेवटी मला म्हणाली, "ताई, पोरगं लाजतंय. किमतीचं माझ्याशी बोला." आणि बोलली. चांगलीच बोलली.

एका बाईंनी कल्हईला घागर आणली, तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'शहापूर, संस्थान सांगली'. आजचं बेळगावचं शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगलीकरांच्या संस्थानात होतं, हे आमच्या मुलाला त्या घागरीवरून कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता अडचण. मामंजींना हे अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं, "गिऱ्हाईक घरातलं बोलतंय ते आपल्यापाशी. बाजारात सांगाय म्हणून न्हवं." त्यांचंही पटतं. कुठल्या मामानं दोनच वाट्या दिल्या, कुठल्या व्याह्यांनी समई परत केली, हे आम्हाला ठाऊक असतं. ते फेसबुकवर गेलं तर उद्या दुकानात कोण येईल?

दुसरीकडं धंदा बदललाय हेही दिसतंय. सावंतवाडी, गोवा, खानापूर, बैलहोंगल, सगळीकडनं लग्नाची खरेदी बेळगावात व्हायची. अजून होते, पण साडी आणि सोनं झालं की भांड्याला पोचेपर्यंत "ते ऑनलाइन मागवू" असं ठरलेलं असतं.

तर ज्यांनी असल्या गोष्टी वापरून बघितल्यात त्यांनी सांगा. गोष्ट निवडायची कशी? गिऱ्हाइकाला विचारायचं कसं? आणि विक्रीत फरक पडतो का, का नुसते अंगठे आणि हात जोडलेले इमोजी?

---

पायताण_निपाणी

वहिनी, आमचं चपलांचं दुकान. आमच्यात चेहरा दाखवायचा प्रश्नच येत नाही, लोक पायच पाठवतात.

मी काय करतो सांगतो. कोल्हापुरी चप्पल नवी असताना सगळ्यांचीच सारखी दिसते. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव धरून. त्यामुळं मानांकनाचं कौतुक आम्हीही सांगतो, अथणीवालाही सांगतो, कोल्हापूरवाला तर सांगतोच. मग माझ्याकडनं का घ्यायची? म्हणून मी दुरुस्तीला आलेल्या जुन्या चपलांचे फोटो टाकतो. तळ झिजलाय, टाच एका बाजूनं खाल्लीय, पण अंगठा आणि पट्टा जागेवर. खाली दोन ओळी: कुणाची ते नाही, काय काम करतात ते. "तंबाखूच्या वखारीत दिवसभर उभे असतात." "एसटीचे कंडक्टर, निपाणी डेपो नव्हे." एवढंच. लोक झिजलेला तळ मोठा करून बघतात.

नव्या चपलेचा फोटो टाकला की भाव विचारतात. जुनीचा टाकला की विचारतात, "कुठल्या कातड्याची?" दुसरा प्रश्न विचारणारा घेऊन जातो, हा माझा अनुभव.

तुमच्याकडं तर भांड्यावर नावंच घातलेली आहेत. नाव झाकून भांडं दाखवा की.

---

सरळ_बोलतो

गोष्टी वाचून कोण पातेलं घेत नाही. किलोचा रेट टाका, घरपोच द्या, बास. आमच्या आईनं कधी दुकानदाराला गोष्ट विचारली नाही, काट्याकडं बघितलं.

---

इरकल_चिकोडी

वरच्या भावांचं अर्धं खरं आहे. त्यांची आई काट्याकडं बघत होती, म्हणजे तिच्या मनात काट्याबद्दल शंका होती. ती शंका फेडणारी गोष्ट त्या वेळी कुणी सांगितली असती तर तिनं ऐकली असती.

आमचं साड्यांचं दुकान, मुख्यतः इरकल आणि काठापदराचं. वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून मला एकच गोष्ट कळली, ती सविस्तर लिहितो. लांब होईल, चालवून घ्या.

गिऱ्हाइकाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकानं केलेलं कौतुक नव्हे. कौतुक ऐकायला फक्त दुकानदाराला आवडतं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनात जी शंका आहे, तीच शंका आधी दुसऱ्या कुणाला होती आणि ती कशी फिटली, एवढंच गोष्टीत पाहिजे. म्हणून आधी गोष्टी गोळा करू नका, शंका गोळा करा. मी एक शंभर पानी वही गल्ल्यात ठेवली. गिऱ्हाईक न घेता उठलं की त्याचं शेवटचं वाक्य लिहायचं. माझं वाक्य नाही, त्याचं. जसंच्या तसं. कन्नडमध्ये बोललं तर कन्नडमध्ये.

थोड्याच दिवसांत दिसलं की माणसं हजार आणि शंका सात-आठच. इरकलीत अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोन्हींचे ताणे फासात फास घालून जोडलेले असतात, त्यालाच टोपपदर म्हणतात. तर सगळ्यात मोठी शंका कुठली? "जोडलेला पदर सुटला तर?" भाव नव्हे, रंग नव्हे, हे! आम्ही इतकी वर्षं भाव आणि रंगच सांगत होतो.

मग त्या एका शंकेला एक माणूस शोधला. सदलग्याकडच्या एक आजी, त्यांची सगळी हयात इरकलीत गेली. त्यांना दुकानात बसवून विचारलं नाही की आमची साडी कशी वाटली. विचारलं, "आजी, पदर कधी सुटला का हो?" आजी म्हणाल्या, "साडी फाटून तिची गोधडी शिवली, पदर अजून गोधडीत हाय." आता यापुढं मी काय जाहिरात करणार? तेवढंच लिहिलं, गोधडीचा फोटो लावला. आजींचा फोटो लावला नाही, त्यांना नको होता.

विचारायचे प्रश्न म्हणाल तर "कसं वाटलं?" हा कायमचा बंद करा. त्याला "छान" हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी: आमच्याकडं यायच्या आधी काय वापरत होता? घ्यायला एवढा उशीर का केला? घरात कोण नको म्हणत होतं? घेतल्यावर पहिल्यांदा काय खटकलं? या शेवटच्या प्रश्नाला दुकानदार घाबरतात. पण खटकलेलं एखादं तरी आल्याशिवाय वाचणाऱ्याला बाकीचं खरं वाटत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की पहिल्या धुण्यात रंग थोडा गेला. ते मी ठेवलं, आणि खाली लिहिलं, पहिलं धुणं वेगळं आणि मिठाच्या पाण्यात करा. त्यावर फोन जास्त आले.

आणि घाई करू नका. कालच साडी घेतलेल्या बाईकडं गोष्ट नसते, पिशवी असते. वर्षभरानं विचारा. भांड्यात तर पाच वर्षांनी विचारा.

तुमच्या धंद्यातल्या शंका मी गिऱ्हाईक म्हणून सांगू शकतो: हे स्टील खरं आहे का? कल्हई उडाल्यावर पुढं कोण करून देणार? मोडीचा भाव मारता का? यांची माणसं तुमच्याकडं असणारच.

कुठं सांगायच्या म्हणाल तर व्हॉट्सअॅप. पण एक खाचखळगा आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश जातो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करून घ्या, "कल्हईवाला येणार असला की कळवतो" असं काहीतरी कारण सांगून. नुसतं "सेव्ह करा" म्हटलं तर कोण करत नाही.

फरक पडतो का हे मोजायला बिलबुकात एक रकाना: "कुणी सांगितलं?" आमच्या पोरानं कंटाळा केला तरी मी भरून घेतो. त्या रकान्यात अजूनही सगळ्यात जास्त वेळा 'जाऊबाई' असतं. व्हॉट्सअॅपवरची गोष्ट जाऊबाईला फक्त काहीतरी बोलायला देते, एवढीच माझी अपेक्षा.

---

टिळकवाडी_कन्सल्टंट

चिकोडीच्या अण्णांनी कामाचं सांगितलं. मी फक्त कुंपण कुठं आहे ते सांगतो, कारण भांड्यांच्या धंद्यात एक खड्डा ठरलेला आहे: तांबं.

उद्या एखादे काका स्वतःहून सांगतील, "तुमच्याकडच्या तांब्यातलं पाणी पिऊन माझी शुगर उतरली." ते मनापासून बोलत असतील. पण तुम्ही ते छापलंत की तो तुमच्या दुकानाचा दावा झाला. रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, संधिवात ही नावं त्याच्या यादीत आहेत. तांब्या म्हणजे औषध नव्हे असा वाद घालता येईल, पण तो वाद दुकानदारानं कोर्टात जाऊन कशाला घालायचा? तांब्याच्या गोष्टीत घासायला चिंच लागते, ताक-लिंबू त्यात ठेवू नये, एवढंच येऊ द्या.

दुसरं, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचा मथितार्थ असा की शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि अनुभवातलं पाहिजे, आणि त्याचा तुमच्याशी काही संबंध असेल, म्हणजे पैसे, फुकट वस्तू किंवा नातं, तर तो लपवायचा नाही. भाचीला उभी करून 'आमच्या ग्राहक' म्हणू नका. मोठी भानगड होईल म्हणून नव्हे, शहापुरात तुमची भाची सगळ्यांना माहीत आहे म्हणून.

गुगलवर पाच तारे द्या आणि चमचा फुकट घ्या, हेही नको. बक्षीस देऊन परीक्षण घ्यायला गुगलच्या नियमात मनाई आहे.

परवानगी तोंडी चालेल का असं नेहमी विचारतात. एक साधा व्हॉट्सअॅप संदेश घ्या: काय मजकूर, कुठला फोटो, कुठं कुठं टाकणार, आणि "नको वाटलं तर काढून टाकू". २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, संमती स्पष्ट पाहिजे आणि ती मागं घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो असतील तर आईवडिलांना विचारा, किंवा टाकूच नका.

आणि कुणी उत्साहानं सांगेल की गोष्टींचा फ्लेक्स करून दारावर लावा. नावाच्या पाटीला २०२४पासून ६० टक्के कन्नडचा नियम आहे, आणि कन्नड वरच्या भागात. बेळगावात त्यावरून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गोष्ट आत, काउंटरवर ठेवा.

---

भांडीवाली_शहापूर

सगळ्यांचे आभार. सरळ_बोलतो यांचेही, रेट टाकते.

अण्णा, तुमची वही मी त्याच दिवशी सुरू केली. आमच्या मामंजींनी लांबून बघितलं, कुणाचं उधार लिहितीय म्हणून उठून आले. गिऱ्हाइकाचं शेवटचं वाक्य लिहितेय म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "मग माझ्याकडनं घे की." आणि बसल्या बसल्या त्यांनी जी वाक्यं सांगितली! कुठल्या सालची, कुठल्या गल्लीतल्या माणसाची, ते सुद्धा. न घेता गेलेलं गिऱ्हाईक त्यांना घेऊन गेलेल्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

त्यातून निघालं ते असं. कल्हईची शंका आहेच. "एवढं जड पातेलं मला उचलतंय का?" ही बायकांची शंका आहे, ती मी सोडून घरात कुणाला सुचली नव्हती. हळदीकुंकवाच्या वाणाला वाट्या घेणाऱ्यांची शंका वेगळीच, "गल्लीत दुसऱ्या कुणी ह्याच वाटल्या तर?" आणि गावात लक्ष्मीची जत्रा निघाली की मोठी पातेली घेणारे एकच विचारतात, जत्रा झाल्यावर परत घ्याल का. पण सध्या सगळ्यात जास्त काय विचारतात? चुंबक! येताना खिशात चुंबक घेऊन येतात. मोबाईलवर कुणीतरी सांगितलंय की चुंबक चिकटलं तर स्टील खोटं.

मामंजींशी तडजोड अशी झाली: भांड्याची गोष्ट सांगायची, देणाऱ्याघेणाऱ्याची नाही. मामा, आत्या, व्याही, सुना हे शब्द आले की खोडायचं. त्यामुळं चंदगडच्या आजोबांची गोष्ट गेली. मला वाईट वाटलं, पण त्या सुनांपैकी एखादी वाचत असेल तर? (इथं लिहिलीच आहे म्हणा. थोडं बदलून लिहिलंय, शोधू नका.)

पहिली गोष्ट लिहिलीय. खाली देते. निर्दयपणे वाचा.

"खानापूरकडच्या एक मावशी पिशवीतनं स्टीलचं पातेलं घेऊन दुकानात आल्या. पातेल्यावर आमच्याच मशीनचं नाव. रागात होत्या. मुलाला पुण्यात नोकरी लागली, खोलीत गॅसला परवानगी नाही, इंडक्शन घेतलं. घरचं दणकट पातेलं दिलं तर शेगडी नुसती टिकटिक करते, पाणी तापत नाही. मावशी म्हणाल्या, 'इतकी वर्षं वापरलं, आता कळलं स्टील खोटं दिलं होतं ते.' आम्ही पातेल्याला चुंबक लावलं. चिकटलं नाही. आणि तेच त्याचं खरेपण आहे! ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक धरत नाही. इंडक्शनला मात्र बुडाला चुंबक धरणारंच भांडं लागतं. म्हणून चुंबक धरणाऱ्या बुडाचं पातेलं वेगळं येतं. मावशींनी ते लहान घेतलं, जुनं घरी दुधाला ठेवलं. मुलाचा निरोप आला, तापतं छान, पण दूध फार पटकन उतू जातं. अशा आमच्या ग्राहकांच्या विश्वासाच्या बळावरच आमची तिसरी पिढी आपल्या सेवेत तत्पर आहे. आजच भेट द्या!"

मावशींना फोन करून वाचून दाखवलं. नाव नको म्हणाल्या, खानापूर चालेल. 'रागात होत्या' हे काढू का विचारलं तर म्हणाल्या, "होते की रागात, असू दे."

---

इरकल_चिकोडी

शेवटची दोन वाक्यं काढा. 'दूध फार पटकन उतू जातं' इथं थांबा. ते वाचून इंडक्शनवाली प्रत्येक बाई मान हलवणार आहे, तिला लगेच 'सेवेत तत्पर' कशाला ऐकवता? दुकानाचं नाव आणि नंबर खाली असतोच.

'आणि तेच त्याचं खरेपण आहे!' यातलं उद्गारचिन्ह काढा. आणि एक शंका माझी. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं म्हणता येतं का? आमच्या इथं स्वस्तातलं स्टील विकणारेही चुंबक लावूनच दाखवतात.

---

भांडीवाली_शहापूर

अगदी बरोबर पकडलंत. २०२ नंबरच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पडतं, आणि त्यालाही चुंबक सहसा धरत नाही. म्हणजे चुंबकानं ३०४ आणि २०२ ओळखता येत नाही. ते कळतं भांड्यावरच्या शिक्क्यावरनं, बिलावर काय लिहून देतात त्यावरनं, आणि पुढं मिठाच्या डब्याच्या कडेला गंज धरतो का त्यावरनं. वाक्य बदलते: "चुंबक चिकटलं नाही. चांगल्या स्टीलला बहुतेक वेळा चिकटत नाही, पण त्यावरून नंबर ठरत नाही. नंबर बिलावर लिहून घ्या." आम्ही लिहून देतो, त्यामुळं हे छापायला आम्हाला काही भीती नाही. शेजारच्यांना राग येईल, तो येऊ दे.

'तत्पर' काढलं. ते खरं तर मामंजींनी घालायला लावलं होतं. त्यांच्या मते जाहिरात आहे हे कळायला पाहिजे.

---

पायताण_निपाणी

कन्नडमध्ये पण टाकणार का? आमच्याकडं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलतंय.

---

भांडीवाली_शहापूर

हो. पण हीच गोष्ट कन्नडमध्ये करून नाही टाकणार. बैलहोंगलच्या एक अक्का आहेत, जोंधळ्याची भाकरी बिडाच्या तव्यावरच करणार म्हणून हटून बसलेल्या. मुलगी म्हणत होती नॉनस्टिक घे. तव्याला गंज येतो का, पहिल्यांदा कसा तापवायचा, ही शंका तिकडच्या गिऱ्हाइकांचीच जास्त असते. त्यांचंच बोलणं त्यांच्याच कन्नडमध्ये रेकॉर्ड करून घेतलंय. शेवटी "छलो अद री", म्हणजे चांगलं आहे हो, असं म्हणाल्यात. ते 'खूप छान सर्व्हिस'च्याच जातीचं आहे, पण त्या आधी चार मिनिटं तव्याला तेल लावून किती वेळ ठेवायचं ते सांगत होत्या, म्हणून ठेवलं.

---

सरळ_बोलतो

ते चुंबकाचं माहीत नव्हतं. आमच्याकडं इंडक्शनला कुकरही धरत नाही. अॅल्युमिनियमचा आहे, चांगला जाड. मोडीत काय येईल? आणि इंडक्शनचा तीन लिटरचा केवढ्याला बसतो?

---

भांडीवाली_शहापूर

अॅल्युमिनियमची मोड त्या दिवसाच्या भावानं, वजन तुमच्यासमोर, हँडल आणि रिंग काढून. कुकर सगळे आयएसआय शिक्क्याचे आहेत, आयएस २३४७ असं बुडाशी बघून घ्या, आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून. पण मोड द्यायच्या आधी एक सांगा: घरात गॅस पण आहे का? असेल तर जुना मोडू नका, त्याला नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून देते. शनिवारी बाजाराची गर्दी असते, त्या दिवशी सोडून कधीही घेऊन या.

---

सरळ_बोलतो

गॅस आहे. रविवारी उघडं असतं का?

---

भांडीवाली_शहापूर

दुपारपर्यंत. मी नसले तर मामंजी असतील. झाकण घरी विसरू नका, रिंग झाकणाला लावून बघायला लागते.